गोडी ओसरल्यावर

ज्येष्ठ महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून दोन घोडे पायी निघतात. एकावर स्वार असतो आणि त्याच्या हाती जरीपटका. दुसऱ्याची पाठ मोकळी. तो माउलींचा घोडा, त्यावर माणसानं बसायचं नाही. शितोळे सरकारांच्या वाड्यातले हे घोडे मिरज-सांगली मागे टाकून कृष्णेच्या खोऱ्यानं वर येतात आणि सातारा जिल्हा ओलांडून आळंदी गाठतात. खरं तर अंकलीहून पंढरपूर जवळ आणि आळंदी लांब. तरी ते आधी आळंदीला जातात आणि मग ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट धरतात. आज त्यांना ट्रकमध्ये घालून एका दिवसात पोचवता येईल. पण रीत पायी जाण्याची आहे.

देवाच्या वाटेवर पहिल्यांदा निघणाऱ्याच्या मनात जे उधाण येतं, त्याबद्दल आपल्याकडे भरभरून बोललं जातं. मला जास्त कुतूहल आहे ते नंतरच्या वर्षांचं. पहिल्या वारीत पायाला फोड आला तरी माणूस तो कौतुकानं दाखवतो. आठव्या वारीत फोड नुसता दुखतो. नवी माळ गळ्यात पडल्यावर पहाटेचा काकडा चुकू नये म्हणून रात्रभर नीट झोप लागत नाही. काही वर्षांनी तोच काकडा आळसावलेल्या डोळ्यांनी उरकला जातो. पूर्वी हरिपाठ म्हणताना अंगावर काटा यायचा, आता ओठ हरिपाठ म्हणतात आणि मन उसाच्या बिलाचा हिशोब करत असतं. हे सगळ्यांचं होतं. तरीही कृष्णेच्या या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं देवाला धरून राहिली. कशी राहिली, याचा शोध घेताना मी पुन्हा पुन्हा थक्क होतो.

सुरुवात हैबतबाबांपासून करावी लागेल. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. परंपरेनं चालत आलेली कथा अशी की, नोकरीत मिळालेलं धन घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटलं आणि सोबत्यांसह गुहेत कोंडलं. हैबतराव रात्रंदिवस हरिपाठ म्हणत राहिले. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला, हा या भक्ताचाच पायगुण असं मानून त्यानं सर्वांना धनासह सोडलं. हैबतरावांनी धन आरफळला धाडलं आणि स्वतः आळंदीची वाट धरली.

इथपर्यंतची कथा कुठल्याही भक्तिकथेसारखी आहे. संकट, धावा, सुटका, वैराग्य. असं उधाण अनेकांना येतं आणि घरी पोचेपर्यंत ओसरतं. हैबतबाबांचं वेगळेपण पुढे आहे. आळंदीत ते समाधीपुढे रात्ररात्र भजन करत राहिले. पुढे १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पादुका पालखीत ठेवून वारीला शिस्तीचं रूप दिलं. या कामी शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिला, वासकरांसारख्या फडकऱ्यांनी भजनाची बाजू सांभाळली. शिंद्यांच्या सैन्यात वावरलेल्या माणसानं ही वारी बांधली, हे तिच्या चालीवरून आजही कळतं. पालखीच्या रथापुढच्या २७ दिंड्यांचा क्रम ठरलेला, मागच्यांचाही ठरलेला. पताकावाले, टाळकरी, मृदंगवाला, वीणेकरी, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया, प्रत्येकाची जागा ठरलेली. सकाळी कोणते अभंग, दुपारी कोणते, हरिपाठ कधी, हेही ठरलेलं. तुम्हाला आज काय म्हणावंसं वाटतं, असं तिथं कुणी विचारत नाही.

वरवर पाहता हा कोरडेपणा वाटेल. मला वाटतं, यात माणसाबद्दलची फार खोल समज आहे. ज्या दिवशी मन लागत नाही, त्या दिवशी 'आता काय करू' हा प्रश्नच माणसाला बुडवतो. वारीत तो प्रश्न उरत नाही. पुढच्याच्या टाळावर तुमचा टाळ पडतो, मागच्याच्या पावलानं तुमचं पाऊल उचललं जातं. त्या दिवसापुरती तुमची भक्ती दिंडी वाहते. दुसऱ्या दिवशी दुसरा कुणी थकलेला असतो आणि त्याची तुम्ही वाहता.

याहून मोठं नवल तळावर दिसतं. संध्याकाळी पालखी मुक्कामाला पोचली की समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात आणि टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो माणसं एकदम गप्प होतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथं जातो आणि म्हणणं ऐकून घेतो. तक्रार ऐकली गेली की टाळ थांबतात, हरवलं-सापडलं पुकारलं जातं, आरती होते. नाराज दिंडी निघून जात नाही, रुसून तंबूत बसत नाही. तिची नाराजी टाळातूनच आणि तिथेच उभं राहून व्यक्त होते. लोणंदच्या माळावर असो की फलटणच्या विमानतळावर, सातारा जिल्ह्यातल्या मुक्कामांवर हे दरसाल घडतं.

हैबतबाबा १८३६ साली गेले. म्हणजे आपण बांधलेली वारी त्यांनी जेमतेम चार-पाच वर्षं पाहिली. आळंदीच्या महाद्वारातल्या पायरीला आजही त्यांचं नाव आहे आणि कार्तिकीच्या सोहळ्याची सुरुवात तिच्या पूजेनं होते. त्यांच्यानंतरचं जवळजवळ दोनशे वर्षांचं चालणं त्यांच्या उत्साहावर झालेलं नाही. २०२० मध्ये साथीमुळे माणसांना चालता येईना, तेव्हा पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. भजनाचा समुद्र नाही, धुळीचा लोट नाही. पण आषाढीला पादुका पंढरपुरात होत्या.

उधाण ओसरतंच का, यावर आता थोडं. स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. माकडाच्या जिभेवर अवचित फळाच्या रसाचा थेंब पडला की या पेशी उसळायच्या. मग रसाआधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला ती कळल्यावर पेशी खूण दिसताच उसळू लागल्या आणि रस आला तरी शांत राहू लागल्या. रस तोच आणि तेवढाच, पण अपेक्षित. सर्वांत विलक्षण गोष्ट पुढची. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. १९९७ साली हे निष्कर्ष एका सिद्धांताच्या रूपात मांडले गेले आणि मेंदूविज्ञानात त्यांनी मोठी खळबळ उडवली.

माकडाच्या रसावरून माणसाच्या भक्तीपर्यंत सरळ उडी मारता येणार नाही, हे मला मान्य आहे. भक्ती म्हणजे डोपामिन असं म्हणणारा माणूस भक्तीकडे नीट पाहतच नाही. पण ज्यानं कधी 'पूर्वी देवळात गेलं की भरून यायचं, आता काहीच होत नाही' असं म्हटलंय, त्याला यातून एक दिलासा मिळतो. आपण घंटा वाजवतो, उदबत्ती लावतो, डोळे मिटतो आणि पूर्वीची गोडी आज येईल अशी वाट पाहतो. ती आली नाही की नुसतं साधं वाटत नाही, आधीपेक्षा रितं वाटतं. त्या रितेपणाला आपण लगेच पाप म्हणतो, देव रुसला म्हणतो. कित्येकदा तो फक्त अपेक्षेचा खड्डा असतो.

हा खड्डा जुन्या साधकांनी ओळखला होता. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती तपस्व्यांपैकी एव्हाग्रिअस इ.स. ३९९ मध्ये वारला. त्यानं भर दुपारी येणाऱ्या एका मानसिक शत्रूचं वर्णन करून ठेवलंय. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, साधक सारखा खिडकीतून डोकावतो, आपली जागा आणि आपलं काम नकोसं होतं, दुसरीकडे गेलो तर बरं होईल असा भास होतो. त्यावर त्याचा मुख्य उपाय असा की आपली खोली सोडू नये. पतंजलींनी योगसूत्रांत नऊ विघ्नं मोजली, त्यांत आळस आणि जडपणा आहेच. पण एक विघ्न असंही आहे की साधकाला एक अवस्था लाभते आणि तिच्यात टिकता येत नाही. म्हणजे गोडी लागून ती सुटणं हा प्रवासातलाच एक टप्पा, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. अभ्यास पक्का होण्यासाठी त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदरानं केलेला हवा. आनंदाची अट त्यांनी घातली नाही.

आता साताऱ्याकडे परत येऊ. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा अक्षरी रामनामाचा तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. आकड्याला नुसता नमस्कार करण्याऐवजी मी हिशोब करून पाहिला. बारा वर्षांचे दिवस ४,३८३. रोज सरासरी सुमारे २९,७०० जप. एका जपाला एक सेकंद धरला, तरी रोज सव्वाआठ तास होतात, बारा वर्षं, एकही सुट्टी न घेता. एवढा उत्साह कुणाकडे असू शकत नाही. आकडा अक्षरशः खरा माना किंवा परंपरेचा गौरव समजा, तो सांगतो एवढंच की हे काम मनाच्या लहरीवर झालेलं नाही.

समर्थ १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं राहिलं, आणि शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, तसंच आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बहे आणि शिराळा इथं मारुती बसले. समर्थांनी बसवलेल्या अशा अकरा मारुतींकडे लोक शक्तीची ठाणी म्हणून पाहतात. मला त्यांत आणखी एक शहाणपण दिसतं. गावात एक मारुती असला की त्याला रोज कुणीतरी पाणी घालायचं, तेल वाहायचं, शनिवारी रुईची माळ घालायची. रोजचं काम ठरून जातं. कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर बह्याचा मारुती आहे. पावसाळ्यात नदी फुगली की तिथं जाणंच अवघड होतं, पण पाणी उतरलं की पूजा पुन्हा सुरू होते.

गोडी ओसरल्यावर काय करायचं, या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेला माणूस मात्र माणदेशातला. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३). माण तालुका हा पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. इथल्या शेतकऱ्याला वाट पाहणं कुणी शिकवावं लागत नाही. महाराजांकडे येणारी माणसं प्रपंचातली होती, कारकून, शेतकरी, विधवा बाया, कर्जात बुडालेले लोक. त्यांची तक्रार ठरलेली होती: नाम घेतो, पण गोडी येत नाही, मन भटकतं. महाराजांच्या शिकवणीचा गाभा असा की गोडी आली म्हणून नाम घ्यायचं नसतं, नाम घेत राहिल्यानं गोडी येते. मन भटकलं तर भटकू द्यावं, नाम सोडू नये. भाव नसेल तर भावाशिवाय घ्यावं, कारण भाव आणण्याचं कामही नामाचंच.

हे ढोंग नाही का, असं कुणी विचारेल. मनात काही नसताना तोंडानं नाम घ्यायचं? मला हा आक्षेप गंभीर वाटतो आणि त्याचं उत्तरही गंभीरपणे द्यायला हवं. ढोंग म्हणजे नसलेला भाव लोकांना दाखवणं. भाव नाही हे देवाला आणि स्वतःला माहीत असताना त्याच्यापुढे येऊन बसणं हे ढोंगाच्या अगदी उलट आहे. तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी आई पहाटे तीन वाजता बसते, तेव्हा तिच्या मनात वात्सल्याचा उमाळा असतो असं नाही. बहुधा झोप असते. तिच्या प्रेमाचा पुरावा मात्र तेव्हाच मिळतो.

सवयीबद्दल आधुनिक संशोधन काय म्हणतं, तेही पाहून घ्यावं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोजची एक नवी गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले, पण अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. मला त्यातली छोटी नोंद मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. नेम मोडला म्हणून खचणारी आणि मग नेमच सोडून देणारी किती माणसं आपण पाहतो! पण सवय एवढंच इथं काम नाही. आपोआप होणारी गोष्ट म्हणजे भक्ती नव्हे. सवय माणसाला आसनापर्यंत आणून बसवते. पुढे काय होतं ते सवयीच्या हातात नाही.

ते काय होतं, याचा शोध सांगली जिल्ह्याशी जोडलेल्या एका परंपरेनं घेतला. जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज देशपांडे निंबरगी परंपरेतले. त्यांच्याकडे नामस्मरणाला नेम असंच म्हणतात, आणि तो ठरल्या वेळी करायचा असतो. त्यांच्याकडून १९०१ साली जमखंडीच्या एका शाळकरी मुलानं नाम घेतलं. तो मुलगा म्हणजे पुढे गुरुदेव झालेले रा. द. रानडे. पुण्याचं फर्ग्युसन, सांगलीचं विलिंग्डन आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठ, अशी त्यांची तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी झाली. १९३३ मध्ये त्यांचा मराठी संतांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तुकोबांच्या आयुष्यातला एक काळ त्यांनी सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांच्या शब्दांत ओळखला: आत्म्याची काळोखी रात्र.

तुकोबांची गाथा या नजरेनं वाचली की अंगावर येते. देव उत्तर देत नाही, भेट देत नाही, आपण फसलो की काय, आपलं सगळं बोलणं पोकळ आहे की काय, असं ते पुन्हा पुन्हा विचारतात. विठोबाशी भांडतात, त्याला बोल लावतात. आणि हे सगळं कुणाला सांगतात? विठोबालाच. देवावरची फिर्याद देवापुढेच मांडायची, हा तुकोबांचा रस्ता मला समाजआरतीत टाळ न थांबवणाऱ्या दिंडीत दिसतो. गप्प होऊन निघून गेलेला माणूस दूर जातो. भांडणारा अजून दारात उभा असतो. कलकत्त्याच्या मदर टेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपानं आली, तेव्हा जगाला धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळपास नव्हती. त्या सगळ्या काळात त्या रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत आणि मग मरणाऱ्यांच्या सेवेला जात. देहूच्या माणसाला हे नवं वाटलं नसतं.

नेमाची एवढी थोरवी सांगितल्यावर त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण नेमच कधी माणसाचा पिंजरा होतो आणि आत राहणाऱ्याला विसरतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरदार, जात, आप्त सगळं दुरावलं. पुढची बावीस वर्षं त्यांनी मिशनमध्ये काम केलं, पदं लिहिली, माणसं जोडली. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांमुळे पोचलो, असं ते सांगत. आणि मग १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि तिथं 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त त्यात सारखेच. पन्नाशी ओलांडलेला, तब्येत ढासळत चाललेला माणूस उत्पन्नाची खात्री सोडून नव्यानं आरंभ करतो, याला मी उधाण म्हणणार नाही. ज्या निष्ठेसाठी आपण निघालो, ती नेमून दिलेल्या चाकोरीत गुदमरते आहे असं त्यांना वाटलं. निष्ठा राखण्यासाठी त्यांना चाकोरी सोडावी लागली. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबार फार टिकला नाही.

टिळक ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध लिहीत होते. 'ख्रिस्तायन' हे त्याचं नाव, आणि ते अर्ध्याहूनही कमी वाटेवर राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ज्या कोसळल्या, ज्यांनी पाच वर्षं त्याचा धर्म स्वीकारला नाही आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, ज्यांना लहानपणी शाळेचं शिक्षण मिळालं नव्हतं, त्याच लक्ष्मीबाई. पहिला उत्साह त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. त्यांना पहिल्या दिवसापासून लाभला तो फक्त सोसण्याचा रस्ता. त्यांनी 'ख्रिस्तायना'चे आणखी ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवट राहिला होता, आणि तो त्यांचा मुलगा देवदत्त यानं पुरा केला.